गोळीआधीचे तीन महिने: कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि 'नैसर्गिक' उपायांचा हिशोब

फेब्रुवारी २०२५. ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा कागद हातात आला: एकूण कोलेस्टेरॉल २४२, एचडीएल (म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल) ४४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १८०, एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) १६२, रक्तदाब १४८/९२. वय ४९, पाळी थांबलेली, वडिलांना बावन्नाव्या वर्षी झटका आलेला. असा कागद आला की आधी भीती वाटते आणि लगेच 'गोळी लागणार का' हा प्रश्न येतो. त्याच्या पाठोपाठ नातेवाईक येतात. कुणी अर्जुन सालीचं नाव घेतं, कुणी लसूण-आलं-लिंबाच्या काढ्याचं, कुणी माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचं. कोल्हापुरात फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत माझं जे झालं तेच सगळीकडे होत असणार, म्हणून ही सगळी वाट क्रमाने लिहिते आहे. नुकता असा रिपोर्ट आलेल्यांना उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट. ज्यांना झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, स्टेंट आहे, बायपास झाली आहे, त्यांच्यासाठी हे लिखाण 'गोळीऐवजी काय' याचं उत्तर नाही. त्यांनी गोळ्या चालू ठेवूनच बाकीचं करायचं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, एलडीएल १९० किंवा त्याहून वर असेल, रक्तदाब १६०/१०० च्या पुढे असेल, तरीही फक्त आहारावर थांबण्यात अर्थ नाही. या यादीत जे बसत नाहीत त्यांना डॉक्टर साधारण तीन ते सहा महिन्यांची मुदत देतात. माझ्या डॉक्टरांनी तीन दिले. "तीन महिने देते, पण पुढच्या तपासणीची तारीख आत्ताच लिहून ठेवू," असं म्हणून त्यांनी चिठ्ठीवर मे अखेरची तारीख घातली. ही तारीख मागून घ्या. ती नसली की तीन महिन्यांचं वर्ष कसं होतं ते कळतही नाही.

मुदत सुरू होण्याआधी आणखी काही तपासण्या झाल्या. टीएसएच, कारण थायरॉइड मंदावलेलं असेल तर एलडीएल त्यामुळेच वाढलेलं असू शकतं आणि मग उपचार थायरॉइडचा करायचा असतो. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), पोटॅशियम, एसजीपीटी (यकृतासाठी), लघवीतलं प्रथिन, ईसीजी. आणि वडिलांच्या इतिहासामुळे लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच, हृदयाचा धोका वाढवणारा रक्तातला कण. ही शेवटची तपासणी नेहमीच्या पॅकेजमध्ये नसते, वेगळी सांगावी लागते. मला साधारण अकराशे रुपये पडले आणि रिपोर्टला दोन दिवस लागले. ती आयुष्यात एकदा केली तरी पुरते, कारण हा आकडा मुख्यतः आईवडिलांकडून येतो आणि चालण्याने, ओट्सने, कशानेच फारसा हलत नाही. डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढलेला धरतात. माझा ७८ आला. शेवटचा निर्णय ठरवताना याच आकड्याने पारडं झुकलं, ते पुढे येईलच. सगळ्या जादा तपासण्यांचा खर्च साडेतीन हजारांच्या आसपास गेला. पावत्या जपून ठेवा: जुन्या करपद्धतीत विवरणपत्र भरत असाल तर प्रतिबंधात्मक तपासणीसाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते आणि त्यासाठी रोख दिलेले पैसेही चालतात.

रिपोर्ट वाचताना एक बघा. बहुतेक लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, त्यातून ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. २४२ मधून ४४ आणि ३६ गेले, १६२ उरले. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे असेल तर हे सूत्र चालत नाही, तेव्हा एलडीएल थेट मोजून मागायचं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दंडाला बांधायचं रक्तदाबाचं यंत्र घेतलं, २,१०० रुपये. मनगटाचं स्वस्त मिळतं, पण हाताच्या स्थितीवर त्याचा आकडा फार बदलतो. पट्ट्याचं माप महत्त्वाचं: दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापात तो बसतो का पाहा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वर जातो. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको, तंबाखू नको, लघवी करून यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी न घेता पाच मिनिटं गप्प बसायचं, हात छातीच्या उंचीवर टेबलावर. मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा. सकाळी आणि रात्री, सात दिवस; पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तरच रक्तदाब खरोखर वाढलेला मानतात. दवाखान्यात १४८ आणि घरी १२६ असणारी माणसं पुष्कळ असतात, त्यांना गोळीची घाई नसते. माझी सरासरी १४१/८९ आली, म्हणजे खराच होता. हा तक्ता कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. यंत्राची मेमरी घरात दोघांनी वापरली की मिसळते.

मग स्वयंपाकघर. इथेच सगळ्यात जास्त काम झालं.

मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनुसार माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. चमच्याने मोजत बसण्यापेक्षा पुडीवर तारीख लिहिणं सोपं. चौघांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोची पुडी किमान पन्नास दिवस पुरली पाहिजे, आणि बाहेरचं, पापड, फरसाण खात असाल तर आणखी लांबली पाहिजे. आमची पुडी महिन्यालाच संपायची. मीठ फक्त डब्यातलं नसतं. आमच्याकडच्या कांदा-लसूण चटणीत मीठ आधीच असतं, त्यावर भाजीत पुन्हा घातलं जातं. वर्षाची चटणी डंकावर नेताना मीठ निम्मं टाकायला सांगता येतं. टिकण्यासाठी ती फ्रीजमध्ये ठेवावी लागते, एवढंच. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियम असतं. पित्तावर पाण्यात टाकून फसफसणारी पावडर रोज घेणाऱ्यांनी तर पाकिटावरचा सोडियमचा आकडा जरूर वाचावा. सैंधव म्हणून मिळणारं मीठही बहुतांश सोडियम क्लोराइडच असतं. रक्तदाबासाठी त्याने फरक पडत नाही आणि त्यात बऱ्याचदा आयोडीन नसतं.

पोटॅशियम असलेल्या मिठाची गोष्ट वेगळी. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या कुठल्याही बाटलीपेक्षा हा पुरावा भक्कम आहे. पण मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, ते डॉक्टरांना न विचारता वापरू नये. रक्तात पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम सुरुवातीला तपासून घेतले ते यासाठीच.

एलडीएलसाठी पहिला घाव दुधावर घालावा लागला. कोल्हापूरकरांना हे जड जातं. सहा टक्के स्निग्धांशाच्या म्हशीच्या अर्धा लिटर दुधात ३० ग्रॅम चरबी असते आणि त्यातली अठरा ग्रॅमच्या आसपास संपृक्त (सॅच्युरेटेड), म्हणजे एलडीएल वाढवणारी. १,८०० कॅलरी खाणाऱ्या बाईला एलडीएल उतरवायचं असेल तर संपृक्त चरबीची दिवसाची मर्यादा साधारण १४ ग्रॅम धरतात. म्हणजे चहा, दही आणि रात्रीचं दूध यांतच कोटा संपला, तूप आणि मटण अजून बाजूलाच. डबल टोन्ड दूध दीड टक्क्याचं असतं. ते नको असेल तर म्हशीचं दूध उकळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी साय पूर्ण काढा. साजूक तूप छोटा एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, त्यात संपृक्त चरबी ३ ग्रॅम. खोबरेल तेलही एलडीएल वाढवतं, 'नैसर्गिक' असलं तरी. शेंगदाणा, करडई, मोहरी, कुठलंही तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आत.

काढून टाकण्याइतकंच महत्त्वाचं आहे काय घालायचं ते. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की चिकट तंतू, सोया, बदाम आणि वनस्पती स्टेरॉल (वनस्पतींतला कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ) एकत्र दिले तर महिन्यात एलडीएल २८ टक्क्यांच्या आसपास उतरतं. ते जेवण तयार करून दिलेलं होतं. लोकांनी आपापल्या घरी हेच केलं तेव्हा, २०११ च्या चाचणीत, सहा महिन्यांनी घट १३ ते १४ टक्के आली. हाच आकडा मनात धरायचा, २८ नाही. त्या आहारातले चिकट तंतू ओट्स, जव, इसबगोल, भेंडी आणि वांगी यांतून येत होते. आपल्या घरात परकं वाटावं असं त्यात फार थोडं आहे.

इसबगोलाचं प्रमाण: रोज १० ग्रॅम भुसा, दोन वेळा पाच-पाच, जेवणाआधी. किचनच्या काट्यावर एकदा वजन करून आपल्या चमच्याचा अंदाज घ्या, कारण भुसा फार हलका असतो आणि एका छोट्या चमच्यात पाच ग्रॅम बसत नाही. पहिला आठवडा तीन ग्रॅमवर काढा, नाहीतर पोट फुगतं आणि लोक तिथेच सोडून देतात. पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं. ठेवलं तर खळ होते, कोरडं गिळलं तर घशात अडकू शकतं. दुसऱ्या गोळ्या दोन तासांच्या अंतराने, थायरॉइडची चार तासांच्या. महिन्याचा खर्च चारशेच्या आत-बाहेर. साध्या ओट्सचे ७५ ग्रॅम घेतले की ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान (ओट्समधला चिकट तंतू) मिळतं, हीच दिवसाची परिणामकारक मात्रा. मसाला ओट्सच्या पाकिटात मीठ असतं, ते नकोत. ओट्स नको असतील तर जवाचं पीठ ज्वारीत मिसळून भाकरी होते. एकास दोनच्या पुढे गेलात तर थापताना चिरते. तीस ग्रॅम बदाम, किंवा महाग वाटले तर बिनखारे भाजके शेंगदाणे. सोयाबीनच्या वड्या कोरड्या २५ ग्रॅम आठवड्यातून चार-पाचदा.

चालण्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं, थोडक्यात सांगते. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. रंकाळा तलावाभोवती सकाळी हे सहज होतं. कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून, खुर्चीत बसल्यासारखं स्थिर राहणं. दोन मिनिटं बसायचं, दोन मिनिटं विश्रांती, असं चारदा, आठवड्यातून तीन दिवस. २७० चाचण्या एकत्र करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात अशा स्थिर व्यायामाने वरचा रक्तदाब सरासरी आठ अंकांनी उतरला, चालण्या-पळण्यापेक्षा जास्त. श्वास रोखू नका. गुडघे दुखत असतील तर कमी वाका. रक्तदाब फार चढलेला असताना करू नका. वजनाचं म्हणाल तर एक किलो उतरलं की साधारण एक अंक उतरतो. रात्री जोरात घोरणाऱ्यांनी झोपेची तपासणी करून घ्यावी. श्वास अडकत असेल तर मीठ कितीही तोडलं तरी रक्तदाब हट्टाने वर राहतो. आणि मिश्री, तपकीर, तंबाखू चालू असेल तर बाकीचं सगळं नंतर, आधी ते.

आता बाटल्या. एप्रिलपर्यंत घरात भेट म्हणून आलेल्या, सुचवलेल्या अशा बऱ्याच जमा झाल्या होत्या. सगळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेल्या. हे प्रत्येकाने करावं, कारण 'आयुर्वेदिक आहे' म्हणून सांगायचं राहून जातं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत लसणाचा अर्क, माशाचं तेल किंवा हळदीच्या कॅप्सूल चालू असतात. रक्तस्रावाचा धोका त्यातूनच वाढतो. जेवणातल्या लसणाचा आणि हळदीचा प्रश्न नाही, प्रश्न अर्काचा आहे.

क्लीव्हलँड क्लिनिकने १९० लोकांवर केलेली चाचणी २०२२ मध्ये जाहीर झाली. माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती स्टेरॉल, लाल यीस्टचा तांदूळ, नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी आणि रोसुव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी) ५ मिलिग्रॅम, असे आठ गट. २८ दिवसांनी रोसुव्हास्टॅटिनने एलडीएल जवळजवळ ३८ टक्के उतरवलं. सहापैकी एकही पूरक निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. पूरकांबद्दल माझं मत ज्या पुराव्यावर ठरलं तो हा.

माशाच्या तेलाची नेहमीची १,००० मिलिग्रॅमची कॅप्सूल उलटी करून वाचा: त्यात ईपीए आणि डीएचए ही कामाची ओमेगा-३ आम्लं बहुधा १८० आणि १२० मिलिग्रॅम असतात, बाकी साधं तेल. जवळजवळ २६ हजार लोकांच्या २०१८ च्या चाचणीत रोज एक ग्रॅमने हृदयविकाराच्या मोठ्या घटना लक्षणीय कमी झाल्या नाहीत. चार ग्रॅम शुद्ध ईपीएचा फायदा दिसला आहे, पण ते डॉक्टरांनी लिहून द्यायचं औषध आहे आणि त्याने ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली घ्या, कमी तेलात.

लाल यीस्टच्या तांदळात मोनाकोलिन-के असतं. ते रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिनच आहे. म्हणजे ही स्टॅटिनचीच गोळी, फक्त मात्रा न लिहिलेली. २०२४ मध्ये जपानमध्ये अशाच एका उत्पादनामुळे लोकांची मूत्रपिंडं बिघडली आणि ते बाजारातून परत घ्यावं लागलं. स्टॅटिनची भीती वाटते म्हणून हे घेणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

अर्जुन सालीला आपल्याकडे मान आहे आणि छातीदुखीवर तिचे छोटे अभ्यासही झाले आहेत. पण एलडीएल किंवा रक्तदाबाच्या गोळीची जागा ती घेते असं म्हणण्याइतका पुरावा नाही. घ्यायचीच असेल तर वैद्यांच्या सल्ल्याने आणि डॉक्टरांना सांगून. क्षीरपाक (साल दुधात उकळून) करणार असाल तर सायीच्या दुधात करून संपृक्त चरबी पुन्हा घरात आणू नका. ज्येष्ठमध मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी रोज चघळू नये: ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम घटवतं, रक्तदाब चढतो. गुडघेदुखीसाठी सतत घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या वेदनाशामकांनीही मीठ-पाणी साठून रक्तदाब चढतो. लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचा काढा 'ब्लॉकेज उघडतो' असा संदेश फिरत असतो. धमनीतला चुन्यासारखा टणक थर काढ्याने विरघळत नाही.

बाटली घ्यायचीच ठरली तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक पाहा, आणि तो संकेतस्थळावर टाकून कंपनीचं नाव जुळतं का तेही. पूरकांवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलेलं असतंच. विकणारा तोंडाने काहीही सांगो, कायद्याने त्याला तो दावा करता येत नाही.

मे अखेरीस त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. लॅब बदलू नका, आणि आधीच्या पंधरवड्यात ताप किंवा मोठं आजारपण झालं असेल तर तपासणी पुढे ढकला. आजारपणात कोलेस्टेरॉल तात्पुरतं खाली जातं. एकूण २०८, एचडीएल ४५, ट्रायग्लिसराइड १३०, एलडीएल १३७. वजन ७८ वरून ७४. घरच्या रक्तदाबाची सरासरी १३१/८३.

एलडीएल १५ टक्क्यांनी उतरलं होतं, म्हणजे आहाराने जेवढं होतं तेवढं पुरतं झालं होतं. तरी वाईट वाटलंच. डॉक्टरांनी दोन वेगळे निर्णय दिले. रक्तदाबाला गोळी नाही, दर महिन्याला एक आठवडा घरी मोजत राहायचं. एलडीएलला मात्र रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम, कारण लायपोप्रोटीन-ए ७८, वडिलांचा इतिहास, आणि लक्ष्य १०० च्या खाली. या आकड्यांना फक्त इसबगोल वाढवून तिथे पोचता आलं नसतं. लायपोप्रोटीन-ए साधा असता तर आणखी तीन महिने मागितले असते आणि बहुधा मिळाले असते.

गोळी सुरू करताना स्नायू दुखण्याची धास्ती असतेच. २०२० मधल्या एका ब्रिटिश चाचणीत स्टॅटिन सोडलेल्यांना काही महिने खरी आणि काही महिने खोटी गोळी, कोणती ते न सांगता दिली, तेव्हा खऱ्या गोळीवर झालेल्या त्रासापैकी ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. दुखलं तर सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्यावी. लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मनाने बंद करू नये. गरोदरपणाची शक्यता असणाऱ्या स्त्रियांनी ते आधीच सांगावं.

खर्चाचं बोलायचं तर जनऔषधी केंद्रात ही गोळी महिन्याला शंभर रुपयांच्या आत पडते. त्या पिशवीतल्या बाटल्यांची बेरीज महिन्याला दोन हजारांच्या वर जात होती. आरोग्य विमा नव्याने घेणार असाल तर हे निदान प्रस्तावात लिहा. आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, आणि लपवलेलं निदान दावा नाकारायला पुरतं.

जुलैच्या मध्यावर एलडीएल ८६ आणि एसजीपीटी नेहमीसारखं. गोळी रात्री जेवणानंतर, इसबगोल सकाळी आणि संध्याकाळी लवकर. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पित्तशामक औषध लागलंच तर रोसुव्हास्टॅटिननंतर दोन तासांनी, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन असेल तर चकोतरा (ग्रेपफ्रूट) टाळा, त्याने रक्तातली मात्रा वाढते. पुढची तपासणी जानेवारी २०२६ मध्ये ठरली, आणि डॉक्टरांनी ती तारीखही चिठ्ठीवर घातली.